हमीभाव ५,३२८, आयात शुल्क १६.५ टक्के : बुलढाण्याच्या सोयाबीनचा हिशेब

२८ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीनचा भाव ४,८९२ वरून ५,३२८ रुपये झाला, म्हणजे क्विंटलमागे ४३६ रुपयांची, जवळपास ९ टक्क्यांची वाढ. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. कृषी अधिभार आणि समाजकल्याण अधिभार धरला तर प्रत्यक्ष शुल्क २७.५ वरून १६.५ टक्के झाले. पहिल्या निर्णयाच्या बातम्या बुलढाण्यात ठळक छापून आल्या. दुसरा निर्णय महागाई कमी करण्याचा म्हणून वाचला गेला आणि शेतीच्या पानावर त्याला फारशी जागा मिळाली नाही. या जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या घरात वर्षाअखेर किती पैसा उरतो हे मात्र दुसऱ्या निर्णयावरही तितकेच ठरते.

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. खरिपाचे क्षेत्र सव्वासात लाख हेक्टरच्या आसपास असते. त्यातले निम्म्याहून अधिक, चार लाख हेक्टरच्या आसपास, एकट्या सोयाबीनखाली. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या पट्ट्यात तर जून उजाडला की सोयाबीनशिवाय दुसरे बियाणे फारसे दिसत नाही. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे कपाशी अजून टिकून आहे, पण तिथेही सोयाबीन शिरले आहे. जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक शिवाराचे नशीब एका पिकाच्या भावाला बांधलेले असले की त्या भावावर परिणाम करणारा दिल्लीतला प्रत्येक निर्णय हा या जिल्ह्याचा निर्णय होतो.

हा परिणाम पैशात मोजता येतो. पाऊस, येलो मोझॅक रोग, काढणीच्या वेळचे नुकसान हे सगळे धरून हेक्टरी सरासरी १० क्विंटल उत्पादन धरू. हा आकडा मुद्दाम सावध ठेवला आहे. चार लाख हेक्टरांवर ४० लाख क्विंटल सोयाबीन होते. भाव क्विंटलमागे १०० रुपयांनी हलला की जिल्ह्यात ४० कोटी रुपये येतात किंवा जातात. २०२४ च्या दिवाळीत हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार समित्यांमध्ये सोयाबीन ४,००० ते ४,३०० च्या दरम्यान विकले जात होते. ४,१०० धरले तर फरक ७९२ रुपये. सगळा माल बाजारात त्याच भावाने गेला असता तर जिल्ह्याच्या पदरातून ३१७ कोटी गेले असते. काही माल हमीभावाने विकला गेला, त्यामुळे खरे नुकसान याहून कमी. तरीही आकड्याचा आवाका लक्षात यावा.

आता एक घर घेऊ. पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर, कोरडवाहू. एकरी चार क्विंटलच्या उताऱ्याने २० क्विंटल सोयाबीन. २०२४ च्या त्या भावाने या घराचे नुकसान १५,८४० रुपये. याच घराला पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० असे १२,००० मिळतात. दोन्ही सरकारांनी खात्यात टाकलेल्या रकमेने एका हंगामातला भावफरक भरून निघत नाही, ३,८४० रुपये कमीच पडतात. आणि हे १२,००० एकत्र धरले तेव्हाचे चित्र आहे. केंद्राचे ६,००० वेगळे काढले तर तूट १० हजारांच्या जवळ जाते.

पीएम-किसानविषयी एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण या योजनेचा उपयोग मी कमी लेखत नाही. दर चार महिन्यांनी २,००० रुपये कोणत्याही दलालाशिवाय थेट खात्यात येतात, पेरणीच्या तोंडावर त्यातून बियाण्याची एखादी बॅग निघते. १८ वा हप्ता तर पंतप्रधानांनी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेजारच्या वाशीममधूनच वितरित केला. पण ही रक्कम डिसेंबर २०१८ पासून ६,००० वरच थांबली आहे. २०१८-१९ साली केंद्राच्याच कृषी मूल्य आयोगाने सोयाबीनचा उत्पादन खर्च क्विंटलला २,२६६ रुपये धरला होता. २०२५-२६ साठी तोच खर्च ३,५५२ धरला आहे. वाढ ५७ टक्के. सरकारच्याच खर्चाच्या प्रमाणात सन्मान निधी वाढला असता तर २०२५-२६ मध्ये तो ९,४०० रुपये असता. म्हणजे सरकारी कागदावर खर्च वाढल्याचे मान्य आहे, मदत मात्र तिथेच आहे.

हमीभाव ठरतो तो याच खर्चाच्या दीडपट. ३,५५२ ची दीडपट बरोबर ५,३२८. हा खर्च म्हणजे बियाणे, खते, फवारणी, मजुरी असा हातातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत. जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज त्यात नाही. ते धरणारा दुसरा हिशेब आयोगच करतो. २०२४-२५ साली त्यानुसार खर्च ४,२९१ होता आणि त्याची दीडपट ६,४३७ होते. शेतकरी संघटना ज्या भावाची मागणी करतात तो आकडा याच्याच आसपास फिरतो, आणि नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपच्या संकल्पपत्रातही सोयाबीनला ६,००० रुपयांचे आश्वासन होते. तो आकडा हवेतून आलेला नाही, आयोगाच्या कागदातून निघणारा आहे.

पण जाहीर झालेला भाव हातात पडायला सरकारी खरेदी केंद्रावर माल जावा लागतो, आणि तिथे गोष्ट अडते ती ओलाव्यावर. नाफेडच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. ऑक्टोबरमध्ये सोंगणी होते. परतीचा पाऊस असेल तर सुडी ताडपत्रीखाली भिजत-सुकत राहते आणि मळणी झाली की दाण्यात १५ ते १८ टक्के ओलावा असतो. केंद्रावर कट्ट्यातून मूठभर दाणे काढून मॉइश्चर मीटरच्या वाटीत टाकतात, आकडा स्थिर होईपर्यंत सगळे त्या छोट्या पडद्याकडे बघत असतात, आणि १४.६ आला की ट्रॅक्टर मागे फिरतो. भाड्याचा ट्रॅक्टर परत नेऊन घरी पसरायला अंगण नाही, दिवाळी तोंडावर, रब्बीच्या हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे आहे. तो ट्रॅक्टर सरळ भुसार व्यापाऱ्याकडे जातो.

या ओलाव्याची खरी किंमत किती? १५ टक्के ओलाव्याच्या १०० किलो मालात ८५ किलो सुके द्रव्य असते. तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर वजन ९६.६ किलो भरते. म्हणजे जास्तीचे पाणी ३.४ किलो, ४,८९२ च्या भावाने १६७ रुपयांचे. १८ टक्क्यांचा माल असेल तर पाणी ६.८ किलो आणि किंमत ३३४ रुपये. बाजारात मात्र फरक ७९२ रुपयांचा होता. १५ टक्क्यांचा माल आणणाऱ्याच्या बाबतीत त्यातले १६७ रुपये पाण्याचे, उरलेले ६२५ निकडीचे. हे ६२५ कोणत्याही मीटरवर दिसत नाहीत. ओलाव्यानुसार भाव कापून माल घ्यायची तरतूद केंद्रावर असती तर बहुतेक ट्रॅक्टर मागे फिरले नसते, आणि सरकारचाही पाण्याला पैसा गेला नसता. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राने एका हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली. तोवर दिवाळी होऊन पंधरवडा गेला होता, आणि ज्याला पैशाची गरज सगळ्यात जास्त होती त्याचा माल विकून झाला होता.

२०२४-२५ च्या हंगामात राज्यात ५६२ केंद्रांवर ११ लाख २१ हजार टन सोयाबीन खरेदी झाले. उद्दिष्ट १४ लाख १३ हजार टनांचे होते. राज्याच्या दृष्टीने ही विक्रमी खरेदी, आणि बारदाना संपल्यामुळे दिवसचे दिवस थांबलेली केंद्रे बघता ती झाली याचे श्रेय राबणाऱ्या यंत्रणेला द्यायलाच हवे. पण लाभ झाला तो ५ लाख ११ हजार शेतकऱ्यांना. भागाकार केला तर एकेकाचे सुमारे २२ क्विंटल, म्हणजे आपल्या पाच एकरवाल्या घराचे पूर्ण पीक. ज्याला केंद्रावर जागा मिळाली त्याचा हंगाम सावरला. राज्यात सोयाबीन ५० लाख हेक्टरच्या आसपास आहे. दोन हेक्टरच्या हिशेबाने हे ५ लाख शेतकरी म्हणजे १० लाख हेक्टर, पाचातला एक. नियमही तेच सांगतो. हमीभावाने खरेदीच्या मूल्य समर्थन योजनेत केंद्र सरकार सोयाबीनच्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंतच खरेदी करते. चारातल्या तिघांना बाजारातच जायचे आहे हे योजना आखतानाच गृहीत आहे.

म्हणून त्या तिघांसाठी बाजारभाव कसा ठरतो हे महत्त्वाचे, आणि तिथे आयात शुल्क येते.

एक क्विंटल सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात. प्लांटवाला या दोन्हींची किंमत जोडून, आपला खर्च वजा करून सोयाबीनचा भाव काढतो. तेलाचा भाव बंदरावर उतरणाऱ्या आयात तेलाशी बांधलेला असतो, कारण देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. २०२३-२४ च्या तेलवर्षात सुमारे १६० लाख टन आले. समजा बंदरावर कच्चे तेल टनाला एक लाख रुपयांना पडते. शुल्क २७.५ वरून १६.५ वर आले की ११ टक्के, म्हणजे टनाला ११,००० आणि किलोला ११ रुपये कमी. १८ किलो तेलावर १९८ रुपये. एका सहीने क्विंटलमागे १९८ रुपये सोयाबीनच्या किमतीतून निघाले. २० क्विंटलवाल्या घराचे ३,९६० रुपये, पीएम-किसानच्या जवळपास दोन हप्त्यांइतके. दोन दिवस आधी वाढवलेल्या हमीभावातले ४३६ रुपये कागदावर राहिले आणि बाजाराच्या पायातून १९८ काढले गेले.

याची दुसरी बाजूही मोजलीच पाहिजे. तेल स्वस्त झाले तर कास्तकाराच्या घरीही स्वस्त होते. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशातला दरडोई खाद्यतेलाचा वापर वर्षाला १९.७ किलो दिला आहे. पाच माणसांच्या घराला १०० किलो धरू. किलोला ११ रुपयांची पूर्ण सवलत दुकानापर्यंत पोचली तरी वाचतात १,१००. गमावले ३,९६०. शहरातल्या मजुराच्या घराला १,१०० चा निव्वळ फायदा होतो आणि तो फायदा खरा आहे, त्याच्या महिन्याच्या खर्चात तो जाणवतो. माझे म्हणणे इतकेच की हा फायदा चिखली-मेहकरच्या घरातून उचलून दिला जातो, आणि सरकारी खर्चाच्या कोणत्याही रकान्यात तो दिसत नाही.

शुल्क वाढले की भाव आपोआप चढतो असे मात्र नाही, आणि हा हिशेब एकतर्फी मांडून चालणार नाही. १४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने कच्च्या तेलावरचे प्रत्यक्ष शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले. वरच्या हिशेबाने क्विंटलमागे ३९६ रुपयांचा आधार मिळायला हवा होता. तरी नव्या मालाच्या वेळी भाव हमीभावाच्या खाली राहिला, कारण पेंड पडली. ब्राझीलमध्ये अमाप सोयाबीन, जागतिक बाजारात पेंड स्वस्त, आणि इकडे मक्यापासून इथेनॉल बनवताना उरणारा चोथा कोंबडीखाद्याला स्वस्तात मिळू लागला. ८० किलो पेंडीचा भाव किलोला पाच रुपयांनी उतरला की ४०० रुपये गेले. तेलाने दिलेले पेंडीने नेले. इथेनॉलचे धोरणही केंद्राचेच. मक्याला त्याने आधार दिला, सोयाबीनच्या पेंडीला धक्का. दोन्ही पिके याच जिल्ह्यात, कधी एकाच बांधाच्या दोन बाजूंना असतात.

२०२१ आठवते ते यासाठी की तेव्हा उलट घडले होते. त्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या काही बाजार समित्यांमध्ये सोयाबीनने १०,००० चा आकडा ओलांडला. हमीभाव होता ३,९५०. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेली, सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, जरी जीएम सोयाबीन पेरायला देशात परवानगी नाही. ऑक्टोबरमध्ये तेलावरचे शुल्क ५.५ टक्क्यांवर आले आणि साठ्यावर मर्यादा लागली. २० डिसेंबरला सोयाबीनचा वायदेबाजार बंद झाला, आणि पुढे त्या बंदीला मुदतवाढ मिळत राहिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास आला होता. भाव चढला तेव्हा तो खाली आणायला चार-पाच महिन्यांत चार निर्णय झाले. भाव पडला तेव्हा शुल्कवाढीला २०२४ चा सप्टेंबर उजाडला, आणि ती वाढही साडेआठ महिन्यांत निम्म्याने मागे घेतली गेली. केंद्राचा अग्रक्रम कोणता, हे या तारखांवरून मला भाषणांपेक्षा जास्त स्पष्ट कळते.

अर्थसंकल्पातही तेच दिसते. २०२५-२६ साठी केंद्रीय कृषी विभागाची तरतूद १ लाख २७ हजार २९० कोटी. पीएम-किसानला ६३,५०० कोटी, म्हणजे निम्मे. स्वस्त पीककर्जाच्या व्याज सवलतीला २२,६०० कोटी. पीकविम्याला १२,२४२ कोटी. आणि भावाची हमी देणाऱ्या पीएम-आशा योजनेला ६,९४१ कोटी, साडेपाच टक्के. खरेदी केलेला माल पुढे विकला जातो, त्यामुळे खरेदीचा सगळा पैसा या तरतुदीतून जात नाही हे खरे. तरी शंभरातले पन्नास रुपये रोख वाटपाला आणि साडेपाच भावाला, ही मांडणी बोलकी आहे.

भाव बाजूला ठेवण्याची ही सवय एका पक्षाची नाही. २००६ च्या जुलैत तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा. निम्म्याहून अधिक पैसा सिंचनाला, त्याखालोखाल व्याजमाफीला, मग बियाणे, फळबागा, जोडधंदे. भावाचे कलम त्या यादीत नव्हते. कापसाच्या पडलेल्या भावातून आलेल्या संकटावरचा तो उपाय होता.

विम्याबद्दल थोडक्यात. खरीप २०२३ पासून राज्याने एक रुपयात पीकविमा दिला, २०२५ पासून पुन्हा शेतकऱ्याला २ टक्के हप्ता लागू झाला. ५०,००० च्या संरक्षणाला १,००० रुपये, हे फार नाहीत. खरा बदल दुसरा आहे. २०२५ मध्ये भरपाई फक्त सरासरी उत्पादनातल्या घटीवर ठेवली. गारपीट, ढगफुटी, काढणीनंतर सुडी भिजणे यांसाठीचे स्वतंत्र निकष राज्यात काढून टाकले. आणि त्याच वर्षी अतिवृष्टीने राज्यभर पिके गेली, सरकारला ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले.

घाटाखालच्या कपाशीची गोष्ट याच वळणाने गेली. २८ मे २०२५ रोजीच लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५८९ रुपयांनी वाढून ८,११० झाला. १९ ऑगस्टला कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क शून्यावर आणले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. दसऱ्याची पहिली वेचणी ते डिसेंबर, नेमका हाच काळ जिनिंगवर माल जाण्याचा असतो.

या सगळ्याचे राजकीय मोजमापही जिल्ह्याने दिले आहे. सोयाबीन-कापसाच्या भावावर वर्षानुवर्षे आंदोलने करणारे रविकांत तुपकर २०२४ ची लोकसभा निवडणूक बुलढाण्यातून अपक्ष लढले. ते तिसरे आले, पण मते सुमारे अडीच लाख. मोठ्या पक्षाचे चिन्ह नसताना. जिंकलेले प्रतापराव जाधव आज केंद्रात राज्यमंत्री आहेत. म्हणजे दिल्लीच्या सरकारात या जिल्ह्याचा आवाज आहे आणि मतदारांनी मुद्दाही नोंदवून ठेवला आहे.

२०२५-२६ साठी केंद्राने महाराष्ट्रातून १८ लाख ५० हजार टन सोयाबीन घ्यायला मंजुरी दिली, किंमत ९,८६० कोटी. आधीच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खरेदीपेक्षा हे ६५ टक्के जास्त आणि स्वागतार्ह. खरेदी सुरू झाली १५ नोव्हेंबरला, तीही दिवाळी होऊन गेल्यावर. त्या वर्षी दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास होती. मध्य प्रदेशाने त्याच हंगामात वेगळा रस्ता धरला. तिथे शेतकऱ्याने बाजार समितीत माल विकला, आणि हमीभाव व सरासरी बाजारभाव यांतला फरक सरकारने भावांतर म्हणून खात्यात टाकला. बारदाना लागत नाही, गोदाम लागत नाही, मीटरपुढे ट्रॅक्टर मागे फिरत नाही. केंद्राच्या पीएम-आशा योजनेतच याची तरतूद आहे आणि केंद्र हमीभावाच्या १५ टक्क्यांपर्यंतचा बोजा उचलते. ५,३२८ चे १५ टक्के म्हणजे ७९९ रुपये. आपल्या २० क्विंटलच्या घराला १५,९८० रुपये. महाराष्ट्रानेही २०२३ च्या खरिपातल्या नुकसानीपोटी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, दिले होते. १० क्विंटलच्या उताऱ्याने ते क्विंटलला ५०० पडले. पण ते एका वर्षापुरते होते आणि मिळाले ते पुढच्या खरिपाची काढणी तोंडावर आल्यावर.

तेलबियांत स्वयंपूर्ण व्हायचे हे केंद्राचे जाहीर ध्येय आहे. ३ ऑक्टोबर २०२४ च्या राष्ट्रीय अभियानात त्यासाठी १०,१०३ कोटी आहेत, आणि तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर न्यायचे आहे. बियाणे सुधारेल, उतारा वाढेल, यातले बरेच काही होऊ शकते. पण एकरी चारचे सहा क्विंटल काढणाऱ्या घराला पेरणीच्या वेळी ठाऊक असायला हवे की दिवाळीत बंदरावर शुल्क किती असेल. हमीभाव आणि खाद्यतेलाचे शुल्क एकाच दिवशी, मे महिन्यात, एकाच पत्रकात जाहीर व्हावे आणि ते शुल्क पुढच्या मार्चपर्यंत बदलू नये. ग्राहकासाठी मध्येच कमी करावे लागलेच, तर प्रत्येक टक्क्यामागे क्विंटलला १८ रुपये, या हिशेबाने तो फरक त्या हंगामाच्या सोयाबीनवाल्याच्या खात्यात जावा. पाच एकरांच्या घराला ११ टक्क्यांचे ३,९६०. खाते क्रमांक सरकारकडे आहेत, ई-पीक पाहणीत पेरा नोंदवलेला आहे.